बासरचा एक श्रोता

संघपाल सरांची आणि माझी खुर्ची बेल्याच्या मराठी शाळेत पंधरा वर्षं शेजारी-शेजारी. माणूस सरळ, पण कौतुकाचा भारी सोस! गावातल्या बायांच्या आवाजात भुलाबाईची गाणी भरून घेतली, स्वतःची वेबसाइट काढली. कोणत्या गावाहून, किती वाजता, कोणतं गाणं ऐकलं गेलं, ते सगळं त्यांना फोनवर दिसायचं. मधल्या सुट्टीत डबा बाजूला आणि फोन पुढे. "मॅडम, नागपूरहून तीन!" मी म्हणायची, "सर, हे लोकांच्या घरात डोकावणं झालं." ते नुसते हसायचे.

गेल्या महिन्यात गावातला वैभव मुलीचा दाखला न्यायला शाळेत आला. त्याची बहीण वृषाली दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न करून निघून गेली होती. सापडली तर कापीन, असं तो चारचौघांत म्हणाला होता. सरांच्या त्यातलं काही ध्यानात आलं नाही. चहा पुढे करत म्हणाले, "तुमच्या आईचं गाणं तिकडे तेलंगणात, बासरला कोणीतरी रोज ऐकतं बघा. दुपारी दीडला, न चुकता."

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. "सॉरी मॅडम," म्हणत त्यांनी पाय मागे घेतला.

"कोन्तं गाव म्हन्ले, गुर्जी?"

"बासर."

वैभवनं चहा संपवला, नमस्कार केला आणि गेला. मग मी सरांना स्पष्ट सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला त्यांचा इतका राग आला होता, की कीवसुद्धा येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैभवची आई, मनकर्णाबाई, धापा टाकत शाळेत आली. "गुर्जी, वैभव पाह्यटीच गाडी घेऊन गेला. संगं कोयता हाय."

पोलिसांना फोन केला. त्यांनी पत्ता विचारला. पत्ता कोणाकडे होता? वृषालीचा नंबरही नव्हता. तिच्यापर्यंत जाणारी एकच वाट होती, ते गाणं. सरांनी गाणं काढलं आणि त्या जागी आईचा आवाज चढवला. "वृषाली, तुहा भाऊ निंगाला. घर सोड, बाई. आत्ताच सोड."

दीडला आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. दीड गेला. पावणेदोन गेले. दोन वाजून दहा मिनिटांनी दिसलं: बासर, एक. शेवटपर्यंत ऐकलं होतं.

मनकर्णाबाईनं हात जोडले. सर लहान मुलासारखे रडले. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या दिवसानंतर बासरहून एकदाही कोणी ऐकलेलं नाही. सर अजून दीडला फोन उघडून बसतात.

वैभव तिसऱ्या दिवशी परतला. हातपाय धुतले, भाकर मागितली. वाढता वाढता आईनं भीतभीत विचारलं, "कुठं गेल्ता रे?"

तो मान वर न करता म्हणाला, "गानं काऊन बदललं, माय?"