जन्माआधीचा गुन्हा

"सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका," आमच्या मंडळीचे अध्यक्ष हसून म्हणाले. "जन्माआधी स्वर्गात लढाई झाली. तेव्हा जे आत्मे देवाच्या बाजूने नीट उभे राहिले नाहीत, ते काळ्या कातडीचे होऊन गरिबाघरी जन्मले. पण तुम्ही बघा, किती वर आलात!"

नव्वदच्या दशकातलं बहरीन. एका अमेरिकन कुटुंबाच्या व्हिलात शुक्रवारी आम्हा मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थना भरायची. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहून माना हलवल्या. मीही हलवली. उपकाराची सवय. अस्कर गावाजवळच्या कंपनीतली माझी क्लार्कची नोकरी याच अध्यक्षांच्या शब्दावर मिळालेली.

शेजारी माझी लेक होती, आठ पूर्ण व्हायला आलेली. आमच्यात आठ वर्षं पूर्ण झाली की बाप्तिस्मा देतात. त्याआधी मूल पाप करूच शकत नाही, अशी शिकवण.

परतताना गाडीत तिने विचारलं, "मम्मी, व्हॉट डिड आय डू?"

"कधी गं?"

"बिफोर आय वॉज बॉर्न."

नवऱ्याने रेडिओ मोठा केला.

मी तालुक्याच्या शाळेत शिकले. तिथे पाण्याच्या माठाला माझा हात लागला तेव्हा गुरुजी ओरडले होते, "मागच्या जन्मीचं पाप आहे तुमचं. भोगा!" मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली. मग पुण्यात या चर्चमध्ये गेले. प्रार्थनेत पाण्याच्या इवल्या पेल्यांचा ट्रे हातोहात फिरत आला. मी प्याले. ट्रे शेजारच्या बाईकडे दिला. तिने घेतला. बस्स. त्या दिवशी मी यांची झाले.

आणि समुद्र ओलांडून आले, तर इथे तेच गुरुजी. फक्त टाय लावलेले.

आमची आणखी एक शिकवण आहे. नुसतं ऐकून मानू नका. गुडघे टेका, देवाला स्वतः विचारा. मी टेकले. विचारलं, माझ्या लेकीने काय केलं? आवाज वगैरे आला नाही. छाती मोकळी झाली आणि दोनच शब्द लख्ख उरले. काही नाही.

अध्यक्षांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला मिळालेलं उत्तर तुमच्या घरापुरतं. नेत्याविरुद्ध असेल, तर ते देवाचं नसतं."

"तुम्ही सांगितलंत ते ग्रंथात कुठे आहे?"

"ते माझं मत आहे. पण मी अध्यक्ष आहे."

नोकरीचं नाव त्यांनी काढलं नाही. गरजच नव्हती.

नवरा म्हणाला, "गप बस की. नोकरी गेली की तुझा व्हिसा खलास. मतच आहे ना त्यांचं?"

"गुरुजींचंही मतच होतं."

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही उपास धरतो. त्या दिवशी ज्याला वाटेल तो उठून साक्ष देतो. लोक आभार मानतात, रडतात. मी लेकीला घेऊन पुढे गेले. म्हणाले, "हिने जन्माआधी काहीही केलेलं नाही. हे मला देवाने सांगितलंय. अध्यक्ष वेगळं सांगतात, ते त्यांचं मत."

"सिस्टर, बसा खाली."

"बसते. आधी हिला सांगा, काय केलं होतं हिने. हिच्या डोळ्यांत बघून सांगा."

ते खाली बघत राहिले. इतरही.

अध्यक्षांनी लेकीचा बाप्तिस्मा अडवला. शब्द मागे घ्या, मग देऊ, म्हणाले. मी घेतले नाहीत. चर्चही सोडलं नाही. पुढच्या शुक्रवारी पहिल्या रांगेत बसले, लेकीला शेजारी घेऊन. ट्रे आला. मी प्याले, तिला दिला.

हे पाणी आमचं आहे. माझ्या आणि देवाच्या मध्ये जो कुणी उभा राहील, त्याला बाजूला सरकावं लागेल. मी सरकणार नाही.