संदर्भसेवा दिली

उमरखेडच्या बसस्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा बाबांनी बॅग वर चढवली, तुरीच्या डाळीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीखालून शेवटचा प्रयत्न केला. "समाजसेवा शिकाले पुण्याले कायले जा लागते, पोरी? तुही माय रोज करते. तिले कोणी डिग्री देल्ली का?" पिशवी सरळ धर, अशी आईनं हातानंच खूण केली. मला बाबांची कीव आली. समाजसेवा आणि समाजकार्य यांतला फरक त्यांना कोण समजावणार?

पुण्यात तो फरक मला दोन वर्षं समजावण्यात आला. शेजाऱ्यांना 'सामुदायिक संसाधन' म्हणायचं आणि बांधावरच्या भांडणाला 'हितसंबंधांचा संघर्ष'. माझ्या 'मले'चं 'मला' पहिल्याच महिन्यात झालं, कारण मी 'मले' म्हटलं की वर्गातल्या मुली माझ्याकडे क्षेत्रभेटीला आल्यासारख्या बघायच्या. तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिलात त्यांना आम्ही दिवाळीत घरी आल्यावर ते ऐकूच येतं.

दुसऱ्या वर्षी महिनाभर एखाद्या संस्थेत राहून काम करायचं होतं. मी मुंबई मागितली. यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे ढाणकी होतं, म्हणजे माझं गाव, आणि कंसात शेरा: 'स्थानिक भाषा अवगत'. जी भाषा विसरण्यात मी दीड वर्ष घालवलं होतं, तिच्यामुळेच माझी निवड झाली होती.

ढाणकीत आम्हा पाच विद्यार्थिनींचा सत्कार झाला. 'पुण्याहून आलेल्या समाजकार्यकर्त्यांचे हार्दिक स्वागत' असा फलक, शाल, नारळ. प्रमुख पाहुण्यांनी आम्हाला खेड्याकडे वळण्याचा उपदेश केला. माझं घर मंडपापासून चार मिनिटांवर. बाबा सगळ्यात मागे उभे राहून, कोणासाठी ते न कळल्यासारखे टाळ्या वाजवत होते. नारळाची आईनं चटणी केली.

मला दिलेलं पहिलं घर नसीमआपाचं. ही आमच्या मागच्या गल्लीतली. तिचा नवरा मोटरसायकली दुरुस्त करतो आणि दर ईदला तिच्या शिरखुर्म्याची पहिली वाटी लहानपणापासून माझी असते. पहिल्या आठवड्याचं उद्दिष्ट होतं, 'कुटुंबाशी विश्वासाचं नातं निर्माण करणे'. मी गळ्यात ओळखपत्र अडकवून दारात उभी राहिले.

"कविता, तू बी लिवाले आली का बेटा?" आपा म्हणाली. "ये, बस. घरात माणसं चार. मी, हे, सासूबाई अन रुबीना. संडास हाय. गॅस हाय. पुढचं इचार."

प्रश्नावली तिला पाठ होती. माझ्याआधी तीन वर्षं तीन मुली हेच लिहून गेल्या होत्या. हे घर दरवर्षी यादीत यायचं त्याचं कारण आपाची मुलगी रुबीना, सहा वर्षांची. तिला ऐकू येत नाही. पुसदच्या निवासी शाळेत घ्यायला तयार होते, पण दिव्यांगत्वाचा दाखला हवा होता आणि येत्या जूनपर्यंत तो आला नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. आपानं घड्याळामागून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात संस्थेच्या तीन चिठ्ठ्या होत्या. तिन्हींवर एकच मजकूर: यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तपासणीसाठी पाठवावे.

मग गेली का नाहीस, असं मी विचारलं. तेही प्रश्नावलीतच होतं.

"कोणासंग जाऊ? फारम कम्प्युटरवर. दुकान बंद ठेवून हे येत नाहीत. एकडाव गेलती, तं आज मशिनीवाले सायेब नाहीत, बुधवारी या म्हणे. तुह्या पोरींले म्हटलं संग चाला. त्या म्हणे, आमचं काम चिठ्ठीपर्यंत."

ते खरंच होतं. आमच्या अहवालात 'संदर्भसेवा दिली' असा रकाना असतो. चिठ्ठी लिहिली की तिथे बरोबरची खूण आणि प्रकरण बंद. रुबीनाचं प्रकरण तीनदा यशस्वीपणे बंद झालं होतं.

मी फॉर्म भरला. तारीख मिळेपर्यंत माझ्या महिन्यातला बुधवार एकच उरला होता आणि त्याच दिवशी समारोप होता. मला मनोगत व्यक्त करायचं होतं. पर्यवेक्षक सर म्हणाले, "एका केसमध्ये एवढं गुंतायचं नसतं. आणि पाहुणे यायचेत." त्यांना पाहुण्यांची खरंच काळजी होती, हे मान्य करायला हवं.

बुधवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघी निघालो. उमरखेडला गाडी बदलली. पुसदला रुबीनानं ओकारी काढली, ती माझ्या समारोपाच्या साडीवर. सर खडसावतील म्हणून मी ती नेसूनच निघाले होते. लवकर परतलो तर मंडप गाठता येईल, इतकी मी अजून भित्री होते. दवाखान्यात चार तास रांग. मग काचेच्या खोलीत रुबीनाला बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. ती हातात बटण धरून काचेतून माझ्याकडे बघत राहिली, मी सांगेन तेव्हा दाबू म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुम्ही कोण?"

माझ्याकडे याचं अडीच ओळींचं उत्तर होतं. मी तोंड उघडायच्या आत आपा म्हणाली, "शेजारची पोरगी हाय."

मी ओळखपत्र पर्समध्ये टाकलं.

समारोप माझ्याविना पार पडला. अहवालावर शेरा आला: 'व्यावसायिक अंतर राखण्यात कमी पडते.' गुण त्याप्रमाणे. दाखला मेमध्ये आला आणि जूनमध्ये रुबीना पुसदला गेली. मी आता पुण्यात एका संस्थेत नोकरी करते. नव्या विद्यार्थिनींना रकाने समजावते आणि त्यांच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेतही उभी राहते, यावरून साहेबांशी माझं महिन्यातून एकदा वाजतं. बाबा फोनवर विचारतात, "मंग, भेटला का फरक?" मी म्हणते, शोधून राह्यली.

परवा आपाचा फोन आला. यंदाच्या मुली येऊन गेल्या होत्या.

"घरात किती माणसं इचारलं. म्या सांगतलं पाच. एक पुसदले शिकते. एक पुण्याले हाय."

म्हणजे ढाणकीच्या संस्थेच्या नोंदवहीत मी आता स्थलांतरित सदस्य आहे. माहिती चुकीची आहे, पडताळणी करायला हवी. दुरुस्तीचा अर्ज कुठे द्यायचा, हेही मला माहीत आहे. अजून दिलेला नाही.