आडव्या बाटलीचं मतदान

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, भावाला तर नाहीच. आत्ता लिहितानाही दाराची कडी लावून बसलेय — हसाल तुम्ही, पण लावलीय.

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. त्याचा अभिमान आहे, तो कशाला लपवू? बुलढाण्याच्या कॉलेजातून बी.ए. करून गावी परतले, आणि दारूचं दुकान बंद करायला बायका उठल्या तेव्हा पुढे मीच होते. फक्त बायकांच्या या मतदानात चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. बायका घाबरायच्या. मी घरोघर सांगत फिरले — मत गुप्त असतं, देवालाही कळत नाही, बिनधास्त आडवीवर शिक्का मारा.

मतदानाच्या सकाळी शाळेच्या फाटकापाशी दुकानदाराचा पुतण्या जवळ आला. हसत होता.

"काय मॅडम, भाऊ डोणगावहून अंधारात एकटाच येते म्हणे कामावरून? गाडी हळू चालवाले सांगजा त्याले."

इतकंच.

पडद्यामागे गेले. तिथं कोण होतं? कुणीच नाही. चिठ्ठी, शिक्का आणि मी. पण जे साऱ्यांना शिकवलं, ते माझं मलाच खरं वाटेना. घडी उलगडून बघतील, कसंतरी ओळखतील, आणि मग रस्त्यात भाऊ... शिक्का चुकून पडला असं नाही — नीट बघून मारला.

उभ्या बाटलीवर.

दुकान राहिलं. मग सुरू झालं — कोण फुटली? बोट गेलं कमलकाकूवर, कारण तिचा नवरा त्याच दुकानात पेट्या उचलतो. "आडवीलेच मारला व माय, लेकरायची शपथ!" ती भर चौकात सांगत राहिली. "शपथ तं दारूवालाही घेते," कुणीतरी म्हणालं, आणि साऱ्या हसल्या. मी? मीही हसले.

आमच्याकडे उन्हाळ्यात पापड एकटीनं लाटत नाहीत. आज हिच्या घरी, उद्या तिच्या — आळीतल्या साऱ्या आपापलं पोळपाट घेऊन जातात. कमलकाकूच्या पाळीला कुणी गेलं नाही. तिलाही कुणी बोलावलं नाही. ज्यांना मी एकजूट शिकवत फिरले त्या खरंच एक झाल्या — तिच्याविरुद्ध. माझ्या एका मतानं निकाल फिरला नसता, हे खरंही असेल. पण तिला एकटं पाडायला माझं गप्प राहणं पुरलं.

दुकानदाराची भीती आता बरीच विरली. आता या बायकांची वाटते. रेशनचं काम असो, ग्रामसभा असो, "ताई, तू बोल व" म्हणत दाराशी येतात. प्रत्येक वेळी कडी वाजली की आधी वाटतं — कळलं तर नसेल?

परवा कमलकाकूनं हाक मारली. गेले. ओसरीवर उडदाच्या पिठाचा गोळा, आणि ती एकटी.

"तू तं शिकेल हायेस," ती म्हणाली. "तुले समजते मी खोटी नाही. म्हणूनच आली ना व बाई?"

मी हो म्हणाले. पोळपाट पुढे ओढला आणि लाटायला बसले.