बस खाली पाहिजे

माझं माहेर अमरावतीचं. लग्न होऊन जबलपूरला आले त्याला वीस वर्षं झाली, हिंदी फाडफाड बोलते. पण राग आला की माझं हिंदी तडक माहेरी निघून जातं. आणि मला राग लवकर येतो.

आम्ही खमरियात, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहतो. क्वार्टर उताराच्या पायथ्याशी, आणि बड्या फुहाऱ्याच्या बाजाराला जाणारी बस वरच्या पाण्याच्या टाकीपासूनच परत फिरते. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले तसा तो चढ त्यांना होईना. आमचे हे त्यांना स्कूटरवर बाजारात नेतात, पण स्कूटर बंदच करत नाहीत. "आई, झालं का?" म्हणत हॉर्न वाजवत राहतात. अशानं कुठं बाजार होतो का? हळूहळू आई जायच्याच थांबल्या. दुपारभर खिडकीशी बसून राहायच्या. मला ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात पेपरात आलं, बसच्या मार्गांबद्दल लोकांनी विजय नगरच्या हॉलमध्ये येऊन सूचना द्याव्यात. मी ऑटो केली आणि आईंना नि यांना, दोघांनाही घेऊन गेले. आईंना बजावलं, "साहेबांसमोर जरा लंगडा."

"नाटक काहून करू? खरंच दुखून राहिलं ना बापा," आई म्हणाल्या.

हॉलमध्ये आधी एका काकांनी मेट्रो मागितली. मग दुसऱ्यांनी, ड्रायव्हर कसली भंगार गाणी लावतात यावर कितीतरी वेळ खाल्ला. माझा नंबर येईस्तोवर डोकं तापलं होतं. माइक हातात आला आणि मी सुरूच झाले, "भैया, बस ऊपर से ही लौट जाती है. हमको बस खाली चाहिए!"

हॉल हसला. साहेब म्हणाले, "मैडम, खाली बस तो सबको चाहिए."

"सबका छोड़ो! रोज खाली जानी चाहिए!"

"रोज खाली जाएगी तो बंद करनी पड़ेगी ना."

"बंद काहून करते? खाली जाने दो!"

साहेबांनी शेजारच्या बाबूला सांगितलं, "लिखो, खमरिया की बस खाली जाती है. बंद करने पर विचार हो."

हिंदीत खाली म्हणजे रिकामी, हे मला तेव्हा कुठं आठवलं. निदान वरपर्यंत तरी येत होती, तीही मी घालवली! आणि आमच्या यांना सगळं कळलेलं, पण हा बाप्या तोंडात रुमाल कोंबून हसत बसलेला.

आई उठल्या. त्यांचा जन्मच जबलपूरचा. "साहब, वो वाला खाली नहीं, नीचे! मराठी में खाली मतलब नीचे. बहू को बस नीचे क्वार्टर तक चाहिए."

"अच्छा, नीचे!" बाबूनं आधीची ओळ खोडली. मला हुश्श झालं. "लेकिन अम्मा जी, नीचे से चढ़ेगा कौन?"

"मैं."

"और?"

"और कोई नहीं. मुझे फुहारे पर अकेले घूमना है."

अकेले? मी तर सोबत जायचे बेत करून बसले होते! दोघींसाठी दोन पिशव्याही शिवल्या होत्या. "आई, एकट्या काहून?" मी माइकवरच ओरडले.

आई अख्ख्या हॉलसमोर शांतपणे म्हणाल्या, "अगं, तो हॉर्न वाजवतो, आणि तू दुकानदाराशी भांडतेस. मला कपडा हातात घेऊन नुसता बघायचा असतो."