गुरुलिंग वायरमनचा उलटा हात

आमचे मालक, गुरुलिंग वायरमन, लई भित्रे. हसू नका, खरंच सांगते. लोखंडाची खिडकी असो न्हाय तर पाण्याची घागर, आधी हाताची पाठ लावायची, मग धरायचं. त्यांचा थोरला भाऊ विहिरीवरच्या मोटरची वायर मुठीत धरून गेला. झटका बसला की मूठ आवळती, सुटत न्हाय. पाठ लावली तर हात मागं उडतो. ती सवय अशी जडली, की आमची जगदेवी जन्मली तर तिच्या गालालाबी ह्यांनी उलटाच हात लावला. मला असा संताप आला! पोर हाय का मोटर?

साल सत्त्याऐंशीचं, दुष्काळाचं. ऊस उभ्या जागी वाळला. साखर कारखान्यानं निम्मी माणसं घरी बसवली. ह्यांची नोकरी तेवढी टिकली. त्याच साली हापिसात कंप्युटर आला. पुण्याचा इंजिनियर जोडून गेला, आणि कुणी हात लावू नका म्हणून बजावून गेला.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी अवजारं धुऊनपुसून पूजेला मांडायची. पकडी, पाने, टायपरायटर, सगळं मांडलं. हेडक्लार्क बंडप्पा म्हणाले, नवं यंत्र तेवढं पारोसं ठेवायचं व्हय? झालं! ह्यांनी मेन बंद केला, मागच्या समद्या वायरी उपटल्या, डबा पुसला, विभूती लावून फुलं वाहिली. कुठली वायर कुठनं काढली, ते कुणीच बघितलं न्हाय.

दसरा झाला, हे जोडायला बसले, आणि कुठली वायर कुठं ते आठवंना. ह्यांच्या धंद्यात दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरती, न्हाय तर धूर निघतो. हितं एकेका तोंडाला पंचवीस पिना. लेकीला सासूबाईंपाशी ठेवून मी जेवणाचा डबा घेऊन गेले, तर ह्यांचा सदरा घामानं अंगाला चिकटलेला.

"अगं, हे जळलं तर उद्यापासनं आपण दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला," एवढंच बोलले.

लेक अंगावर पिती, तिला घेऊन कुठल्या उन्हात बसू?

बंडप्पांनी पुण्याला ट्रंककॉल लावला. इंजिनियर आधी खवळला, मग सांगू लागला, आणि बंडप्पा फोनवरनं ऐकून एकेक गोष्ट ओरडून सांगायचे. पडद्याची वायर नऊ पिनांची, ती नऊ भोकांत. छपाईच्या यंत्राची पंचवीस पिनांची, ती पंचवीस भोकांत. शेजारी तसंच दिसणारं तोंड हाय, पण त्याला भोकं न्हाईत, पिनाच बाहेर आल्यात. ते मोकळं ठेवा. कीबोर्डची गोल, खाच बघून बसवा. जोर करू नका, पिन वाकली तर संपलं. विजेची वायर शेवटी. चालू केलं की चाचणीचा कागद आपोआप छापून येईल. बाकीच्यांतनं जीव घेणारा करंट जात न्हाय, नुसता निरोप जातो.

ह्यांना ते पटेना. प्रत्येक वायरीला आधी उलटा हात लावला. पण उलट्या हातानं पिना कशा बसणार? शेवटी डोळे मिटून त्यांनी प्लग मुठीत धरला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत हुते.

मेन चालू करायची येळ आली तशी हे सोडून सगळी व्हरांड्यात पळाली. खोटं कशाला बोलू, मीबी पळाले. आतनं खर्रर्र आवाज आला आणि मला वाटलं, गेलं समदं. दारातनं डोकावले तर कागद छापून बाहेर येत हुता आणि हे भिंतीला टेकून उभे हुते.

घरी आल्यावर हे झोळीपाशी गेले. लेक झोपलेली. त्यांनी हात पुढं केला, थांबले, आणि सरळ तळवा तिच्या गालावर ठेवला.

"बसला का झटका?" म्या चिडवलं.

ह्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत हुतं, आणि हात काही केल्या सुटत नव्हता.