गरीब जनावर

आमच्याकडं लाथ न मारणाऱ्या गाईला 'गरीब' म्हणतात. अनोळखी माणसाला जवळ येऊ देणारा बैलही गरीब. हा शब्द लहानपणापासून ऐकत आले आणि तो मला चांगलाच वाटायचा. शिरूरला मामांकडं राहायला आल्यावर तो नकोसा झाला. आता कुणी जनावराकडं बघून तसं म्हणालं की त्या माणसाबद्दलचा माझा आदरच कमी होतो. असं लिहिणं बरं दिसतं का, माहीत नाही. पण होतं खरं तसं.

आमचं घर पाटसजवळ. वडील गाळप हंगामात साखर कारखान्यावर असतात. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली, आणि कॉलेज शिरूरला, म्हणून मामांकडं. मामा सणसवाडीच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. त्यांच्या मुलानं हट्ट करून पुण्याहून दोन गिनीपिग आणल्या, थोडे दिवस मिरवल्या आणि तो मोबाइलकडं परत गेला. मग त्या माझ्याकडं आल्या. तसं कुणी ठरवलं नाही. पिंजरा माझ्या कॉटशेजारी सरकवला गेला, इतकंच. एक तपकिरी, एक पांढरीकाळी.

मामींकडं पाहुणे फार. चहा झाला की कुणीतरी म्हणणार, "दाखवा की ते उंदीर." मग वरून पिंजऱ्यात हात. तपकिरी कोपऱ्याकोपऱ्यात पळायची, आणि पोटाला धरून उचलली की एकदम दगड. पापणीही हलायची नाही. "अगं बाई, किती गरीब हाय गं!" मग सेल्फी. फरसाणाचे हात, परफ्यूमचे हात, सगळे तिच्या अंगावर फिरून जायचे. ती काय खाते, हेसुद्धा कधी कुणी विचारलं नाही.

एकदा एका पाहुणीनं ती माझ्या हातात कोंबली. बोटांखाली तिचं काळीज असं धडधडत होतं की मीच घाबरले. आमच्या अंगणावर घार फिरली की कोंबडीची पिल्लं जिथल्या तिथं जमिनीला चिकटतात. त्यांना कुणी गरीब म्हणत नाही.

तेव्हापासून मी वरून हात घालायचं टाळलं. मामांच्या बोअरच्या कामातून उरलेला रुंद पाइपचा तुकडा पिंजऱ्यात आडवा ठेवला, आत हरळी टाकली आणि बाजूला पुस्तक घेऊन बसले. हळूहळू दोघी आपल्या आपण त्यात शिरायला लागल्या. पाइपची दोन्ही तोंडं हातांनी झाकून उचललं की त्यांना कुठंही नेता यायचं. आणि कोथिंबिरीची जुडी सोडल्याचा आवाज आला की दोघी अशा शिट्ट्या मारायच्या, की त्या ऐकून गरीब म्हणायची कुणाची छाती झाली नसती. पण शिट्ट्यांच्या वेळी पाहुणे नसायचे.

दिवाळीनंतर एका रविवारी मामांचे एक मित्र आले. दौंड रस्त्याला त्यांनी कृषी पर्यटन काढलं आहे. म्हणजे सिमेंटची बैलगाडी, भिंतीला रंगवलेली चाकं, आणि पुण्याच्या पोरांनी हात फिरवावा म्हणून एक करडू आणि चार बदकं. त्यांना आमच्या गिनीपिग हव्या होत्या.

"घेऊन जावा एकदाच्या," मामी म्हणाल्या. "घरभर वास सुटलाय."

वास नव्हता. पिंजरा रोज मी धूत होते.

पाहुणे सतरंजीवर बसले होते, पिंजरा त्यांच्यासमोर आणून ठेवलेला. मी धुऊन वाळत ठेवलेला पाइप आणायला उठले, तोवर त्यांनीच हात घालून तपकिरीला बाहेर ओढलं.

"बघा, हलत बी न्हाई," ते मामांना म्हणाले. "आसंच गरीब जनावर पायजे मला. दिवसभर पोरांनी उचललं तरी गप."

ज्या घरात आपण जेवतो, त्या घरच्या पाहुण्याला उलट बोलायचं नसतं. तरी बोलले. "काका, ती गरीब नाही, घाबरलीय. अंगठ्याखाली बघा काय लागतंय."

त्यांनी अंगठा दाबून पाहिला आणि हसले. "आयला, मोटर चालू हाय की!"

मामाही हसले. त्या क्षणी तो माणूस मला इतका क्षुद्र वाटला की माझी भीतीच गेली. हातातला जीव धडधडतोय, हे त्याला कळलं होतं. कळूनही त्याला विनोदच सुचला.

"मग मांडीवर ठेवून हात सोडा," मी म्हणाले. "गरीब असेल तर बसून राहील. बसली तर घेऊन जा, मी काही बोलणार नाही."

त्यांनी हात सोडला. तपकिरी बसली. तशीच, दगडासारखी. मला वाटलं, संपलं; मीच तिला घालवली.

"बघ!" ते जिंकल्यासारखे ओरडले.

त्या आवाजानं ती उडाली. मनगटावर नखं ओढत गेली ती थेट दिवाणाखाली. त्यांच्या पांढऱ्या पँटवर ओला डाग राहिला.

"हिच्या आयला, मुतली व्हय रं ही!"

"पोरांना खाली बसवलं तर ती आपण होऊन जवळ येते, काका," मी म्हणाले. "वेळ लागतो."

"पैसं दिऊन खाली बसाय कोण येतंय गं? लोकास्नी उचलाय पायजे असतंय." रुमालानं पँट पुसत ते उठले. "ऱ्हाऊ द्या राव. कामाचं न्हाई हे जनावर."

ते गेल्यावर मामी कप उचलता उचलता म्हणाल्या, "आन् आमी हिला गरीब समजत हुतो. तोंड बघा कसं चालतंय पोरीचं." पिंजरा मात्र परत माझ्या कॉटशेजारीच आला.

मी दिवाणाजवळ पाइप ठेवला, हरळी टाकली आणि बसून राहिले. तिला बाहेर यायला संध्याकाळ झाली.

परवा मामांनी मोबाइलवर त्या पाहुण्यांच्या स्टेटसवरचा व्हिडिओ दाखवला. त्यांच्याकडं आता ससे आले आहेत. गॉगल लावलेला एक मुलगा सशाला कानांना धरून उभा आहे आणि ससा अजिबात हलत नाही.

"लई गरीब हायेत म्हनं," मामा म्हणाले.

मी मोबाइल परत दिला आणि कोथिंबीर निवडायला बसले. आतल्या खोलीतून शिट्ट्या सुरू झाल्या.