कृष्णाबाईचा हेवा

माझ्या बायकोच्या देवीचा मला हेवा वाटत होता. साठीला आलेल्या, साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर पंपाचे भाग कातण्यात जन्म घालवलेल्या माणसाने असं काही लिहावं याचा मला स्वतःलाच संकोच वाटतो. पण दुसरा शब्द सापडत नाही. लग्नाच्या वेळी एखाद्या तरुणाला बायकोच्या जुन्या मित्राबद्दल वाटावं, तसंच ते होतं. देव आहे की नाही, हा माझा प्रश्नच नव्हता. असेल तर त्याने आमच्या दोघांच्या मधे का बसावं, एवढंच मला कळत नव्हतं.

सुनंदाच्या पोटात गाठ निघाली, तिथून सांगायला हवं. ऑपरेशन झालं, मग किमो सुरू झाली. मी आधी रजा टाकली आणि नंतर कामच सोडलं. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीतून रिक्षाने हॉस्पिटलला जाताना तिला उलटी होईल म्हणून मी पिशवी हातात उघडीच धरून बसायचो. नाचणीची पेज करायला शिकलो, गुठळ्या न होऊ देता. तिचे केस गळायला लागले, तेव्हा ती उठायच्या आत उशीवरचे केस गोळा करून टाकून द्यायचो. रोज न चुकता विचारायचो, "भीती वाटते का गं?" ती म्हणायची, "छे, कसली भीती!" आणि कुशीवर वळायची. मला तिच्या धीराचा अभिमान वाटायचा. सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगायचो, बाई वाघीण आहे म्हणून.

तिचं माहेर वाईचं. तिथे कृष्णा नदीलाच देवी मानतात, घाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो. त्या उत्सवातला कृष्णाबाईचा एक फोटो लग्नानंतर ती सोबत घेऊन आली होती. आमच्या देव्हाऱ्यात तो इतकी वर्षं निमूटपणे होता, मी कधी नीट पाहिलाही नव्हता. आजारपणात मात्र सुनंदा त्याच्यासमोर बसून हळू आवाजात बोलायची. मला वाटायचं, स्तोत्र वगैरे म्हणत असेल.

ती बरी झाली. रिपोर्ट चांगले आले, डोक्यावर नवे केस आले, तेही कुरळे, पूर्वी नव्हते तसे. शेजारच्या परबवहिनी भेटायला आल्या. मी आत चहा टाकत होतो. वहिनींनी विचारलं, "सुनंदा, किती गो सोसलंस! भीती नाय वाटली?" आणि सुनंदा म्हणाली, "वाटली तर! थरथर कापायचे. रोज आईला सांगायचे, कृष्णाबाईला. तिने धरलं म्हणून आज उभी आहे. यांना नाही कधी सांगितलं." चहा उतू गेला. मी गॅस बंद करून ओटा पुसत राहिलो. सगळ्या खस्ता मी खाल्ल्या आणि धरलं मात्र कृष्णाबाईने, हेही मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण ती घाबरलेली होती, आणि मी रोज विचारत असतानाही ते तिने दुसऱ्याच कुणाला सांगितलं! तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात इतकं परकं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर माझं वागणं बिघडलं. ती देव्हाऱ्यासमोर बसली की मला नेमका चष्मा सापडायचा नाही. मी हाक मारायचो. ती उठून यायची, चष्मा द्यायची, परत जाऊन बसायची. एकदा तिला म्हटलंही, "आता बरी आहेस ना? मग अजून काय एवढं सांगायचं असतं तिला?" ती हसली फक्त. ते हसू मला दिवसभर टोचत राहिलं.

गणपती झाल्यावर ती म्हणाली, "महाबळेश्वरला जाऊन येऊ या का? कृष्णेचा उगम आहे तिथे. आईच्या पायाशी एकदा जाऊन यायचंय." मी नाही म्हणू शकलो नाही. पण मनात ठरवलं की ही सहल आपली. पाचगणी-महाबळेश्वरला लोक हनिमूनला जातात, आम्ही तेव्हा कुठे गेलोच नव्हतो. बोरिवलीहून सकाळच्या एस.टी.ने निघालो. दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून मी तिला आधी सगळे पॉइंटच दाखवले. केट्स पॉइंटला गेलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि खाली कृष्णेच्या धरणाचं पाणी आरशासारखं चमकत होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "अहो, बघा ना, आई कशी दिसतेय!" मी तिला दरी दाखवत होतो, तिला नदी दिसत होती. मी हात काढून घेतला. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. महाबळेश्वराचं दर्शन झालं, पंचगंगेचं झालं. तिथे गर्दी होती, गाइड होते, मक्याची कणसं होती. तिथपर्यंत मी तिच्या बरोबरीने हात जोडले. मग ती म्हणाली, आता कृष्णाबाई. ते देऊळ थोडं बाजूला आहे, काळ्या दगडाचं, शेवाळलेलं. आत दगडी गायीच्या मुखातून पाण्याची धार पडत असते. आत कुणीच नव्हतं. तिने दारातच डोळे पुसले. "येता ना आत?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तू जा. तुमचं काय बोलायचं ते बोलून घ्या. मी जरा पलीकडून दरी बघून येतो." ती आत गेली.

देवळाच्या पलीकडे झाडीतून एक पायवाट जाते. थोड्या अंतरावर दरी दिसली, तिथे थांबलो असतो तर हे सगळं घडलंच नसतं. पण मला वाटलं, ती बाहेर येईल, मी दिसणार नाही, मग शोधेल. शोधू दे. जरा हाका मारू दे माझ्या नावाने. म्हणून मी आणखी पुढे गेलो. वाट उतरायला लागली तरी गेलो. आणि मग धुकं आलं. खालून, दरीतून वर आलं, आणि बघता बघता मला माझे बूट दिसेनासे झाले. मागे वळलो तर वाट नव्हती. अंदाजाने चार पावलं टाकली, शेवाळावरून पाय सटकला आणि मी पाठीवर घसरत खाली गेलो. हाताला कारवीची झुडपं लागली, ती धरली. पायाखाली दगड होता, त्याच्या पुढे काय होतं ते दिसत नव्हतं. एक खडा पायाने ढकलला. तो पडल्याचा आवाज आला नाही.

वाट लागली, असं मनात आलं. मोबाइलला रेंज नव्हती. "सुनंदा!" म्हणून ओरडलो. धुक्याने आवाज गिळून टाकला. पुन्हा ओरडलो, घसा बसेपर्यंत. हात भरून आले होते. किती वेळ गेला कळलं नाही. आणि मग मी बोलायला लागलो. कुणाशी, ते तेव्हा ठरवलं नव्हतं. म्हणालो, मला भीती वाटतेय. आत्ताच नाही, हिची गाठ निघाली त्या दिवसापासून वाटतेय. रिक्षात वाटायची. पेज ढवळताना वाटायची. ही गेली तर मी त्या घरात एकटा कसा राहू, हे मी कुणालाच विचारलं नाही. रडू आलं. आणि रडतानाही माझा राग गेला नव्हता. म्हणालो, तिचं सगळं ऐकतेस ना? मग माझंही ऐक की! आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली, "कृष्णाबाई!"

"ओ!" वरून आवाज आला.

मी झुडपं आणखी घट्ट धरली. पुन्हा आवाज आला, बाईचा, जरा खेकसल्यासारखा. "कोन हाय? कोन हाक मारतंय मला?"

"मी... मी खाली आहे. घसरलोय."

"हालू नगा! हाय तितंच ऱ्हावा आन् बोलत बसा. म्हंजी मला कळंल कुटं हाय ते."

मी काय बोललो देव जाणे. नाव, गाव, दिंडोशी, साकीनाका, जे तोंडात आलं ते. थोड्या वेळाने वरून एक दोर माझ्या खांद्यावर आपटला. गवताचा भारा बांधायचा दोर. दुसरं टोक तिने झाडाला बांधलं होतं. तो धरून, गुडघे खरचटत मी वर आलो. समोर साठी-पासष्टीची, हिरवं लुगडं नेसलेली, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेली बाई उभी होती. हातात विळा. मी तिच्या पायाला हात लावायला वाकलो, तर ती मागे सरकली. "आवं, आसं काय करताय? माजं नाव कसं ठावं तुमाला?"

"मी देवीला हाक मारली होती," मी म्हणालो.

ती हसली. "हिकडं निम्म्या बायकांचं नाव कृष्णाबाईच आसतंय. चला. एकलंच आलाय व्हय?"

"नाही, बायको देवळात आहे."

"मंग तुमी हितं काय करताय?"

तिने झाडाचा दोर सोडला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि पुढे चालू लागली. मी दोर धरून तिच्या मागोमाग गेलो. देवळाचे दगड दिसायला लागले तशी ती थांबली. गवत कापाया आलीया, गुरं बी सोडल्याती, म्हणाली, आणि दोर गुंडाळत परत धुक्यात गेली. आत या, हिला भेटा, असं मी म्हणत होतो ते तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

सुनंदा देवळाच्या पायरीवर बसलेली होती. उठून जवळ आली, माझ्या शर्टाला लागलेला चिखल पदराने पुसू लागली. "अहो, पडलात की काय? केवढं धुकं आलं होतं! मला बाई दोन पावलं पुढे जायचं धाडस होईना. घाबरलात का?"

तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला होता. ते नवे, कुरळे केस धुक्याने ओले होऊन कपाळाला चिकटले होते. मी म्हणालो, "छे, घाबरायचं काय त्यात? दगडावर बसलो होतो, माती लागली."

आणि बोलता बोलताच मला उमगलं. मी तिला का सांगितलं नाही? प्रेम कमी होतं म्हणून? तिच्यापासून काही लपवायचं होतं म्हणून? माझी भीती तिच्या अंगावर टाकली असती तर ती तिथेच मटकन खाली बसली असती, म्हणून. जी आपल्यासाठी आधीच घाबरलेली आहे तिला आपली भीती सांगता येत नाही. ऐकून जे कोसळणार नाही अशा कुणाला तरी ती सांगावी लागते. वर्षभर सुनंदाने दुसरं काय केलं होतं? मी पिशवी धरून बसायचो तेव्हा माझे हात कापत असायचे. ते तिला दिसत होते.

"चल," मी म्हणालो, "मला दर्शन घ्यायचंय."

आत अंधारं आणि गार होतं. गोमुखातून पाणी पडत होतं. त्या घरच्या फोटोतल्या देवीला मी इतके दिवस हिणवलं होतं, मनातल्या मनात भांडलो होतो. इथे समोर नुसतं पाणी होतं, आणि ते कुणाशीच भांडत नव्हतं. सुनंदाने जरा सरकून मला जागा करून दिली. मी ओंजळ धरली. काहीतरी मागावं असं मनात येऊन गेलं. पण मागितलं नाही. एवढंच म्हणालो, आई, ही तुला जे सांगते ते ऐकत जा. माझ्यापर्यंत नाही आलं तरी चालेल.

त्या धुक्यातली बाई कोण होती, हे मी कुणाला विचारलं नाही. गवत कापायला आलेली तिथलीच एक बाई होती, असं तिनेच सांगितलं, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. मला एवढंच ठाऊक आहे की मी हाक मारली आणि ओ आली. हेवा पार गेला, असं म्हणणार नाही. अजूनही कधीकधी सकाळी आतून सुनंदाचं हळू आवाजातलं बोलणं कानावर येतं आणि काय सांगत असेल म्हणून मन कातावतं. मग मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. माझ्या माणसाला धरायला फक्त माझेच दोन हात नाहीत, यात मी काही हरलेलो नाही, हे स्वतःला सांगतो. काही दिवशी ते पटतं. पटतं त्या दिवशी मीही, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, कृष्णाबाईचे आभार मानतो.